कांद्याच्या रानावरचं ग्रंथालय

“मंदाताईंना सांगितलंत का?” यंत्र विकणाऱ्या माणसानं प्राचार्यांना हळूच विचारलं.

“कार्यशाळा तर होऊ द्या राव. आत्ताच सांगितलं तर नाश्त्याचं कोण बघणार?”

दोघं हसले. पोह्यांची बशी घेऊन मी त्यांच्या मागेच उभी होते. ती बशी मला मंदाताईंनीच दिली होती.

साताऱ्याहून पहाटे निघाले होते. नाशिक फाट्याला बस बदलली आणि मोशीच्या पुढे, नव्याकोऱ्या गाड्या लादलेल्या ट्रेलरांमागे अडकले. ग्रंथालय सहायकांची ही कार्यशाळा चाकणजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात होती. खिडकीबाहेर कारखान्यांची पत्र्याची छपरं, त्यांवर धुरकट ऊन.

मंदाताई तिथल्या ग्रंथालयात परिचर. “हितं आमचा कांदा व्हायचा,” त्या म्हणाल्या. “रान कॉलेजाला दिलं, तवा मला नोकरी लावली.”

सत्र सुरू झालं. पुस्तकात चिकटवलेली चिप वाचून यंत्र स्वतःच पुस्तक देतं, परतही घेतं. देवघेवीच्या टेबलाला माणूस लागत नाही. पडद्यावर चिप दिसताच मंदाताईंनी मला कोपरानं ढोसलं.

“ह्या समद्या मीच चिटकवल्या. एक वाकडी न्हाई, बगा.”

टाळ्या झाल्या. त्यांनीही वाजवल्या.

जेवणात मटकीची उसळ होती. शेवटी अभिप्राय द्यायला मला माईकपाशी बोलावलं. प्राचार्य समोरच होते. ‘खूप उपयुक्त,’ एवढंच म्हणून मी खाली बसले. आमच्या ग्रंथालयातही हेच यंत्र येणार होतं. ते बघायलाच मला धाडलं होतं.

संध्याकाळी मंदाताई मला चाकण चौकापर्यंत सोडायला आल्या. शिफ्ट सुटली होती. कंपन्यांच्या बसमधून काचेला टेकलेली, झोपलेली डोकी चालली होती.

“ताई, तुमी इंग्रजीत शिकल्याल्या. ते मशीन चालवाया मला शिकवाल का? सायेब काय बोलंनात, पर चालवाया मानूस लागंलच की. पोरीला सांगून आलेय, तुजी आई आता मशीनवर बसनार म्हून.”

बस आली. कंडक्टर ओरडू लागला. मी पायरीवर पाय ठेवला. त्यांना आज ना उद्या कळेलच, सांगणारी मी कोण, असं दिवसभर मनाला बजावत होते. हेच बजावत मी साताऱ्यापर्यंत गेले असते, आणि कुणाला काही कळलंही नसतं. मी पाय खाली घेतला. बस गेली.

“मंदाताई, त्यांना माणूस नकोच आहे. तुम्हालासुद्धा ठेवणार नाहीत. मी सकाळी ऐकलंय.”