दाराआडून आलेला आवाज

बायकोची लुगडी काढताना पेटीत तिचा जुना मोबाईल सापडला, डांबरगोळ्यांचा वास लागलेला. तो घेतला तव्हा हसनाबादला मोबाईल नवेच होते. धाकटी लेक बाळंतपणाला जालन्याच्या दवाखान्यात होती, संगं माझा थोरला भाऊ गेल्ता. मी त्या डबीला हात लावत न्हव्हतो, म्हणून दहावीतल्या नातीनं आजीला हिरवं बटन शिकवलं. दुपारी फोन वाजला. तिनं बटन बराबर दाबलं, पण थोरल्या दिराचा आवाज ऐकला अन् फोन बाजेवर टाकून, पदर ओढून दाराआड गेली. लग्नापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली न्हव्हती. नात हसून म्हणली, "आजी, ते जालन्यात हायत, तू काय दिसतीस का त्यांना?" "आवाज तर घरात आला न! तूच इचार, पोर कशी हाय." "लेक तुझी हाय, तूच इचार." तिकडून भाऊ ओरडून राह्यला, "अरे, कुणी हाय का?" शेवटी ती बाहेर आली, पदरावरूनच फोन कानाला लावला. पोरगी झाली, दोघी बऱ्या हायत, एवढं ऐकलं अन् हळूच म्हणली, "तुम्ही जेवले का?" तिला जाऊन आता वरीस झालं. सून वेळेवर ताट वाढते, मी जेवतो. इचारत कुणी न्हाई.