उपाशी रांग आणि माझा बॅकअप

पन्नाशी उलटली तेव्हा मला दोन गोष्टींची पक्की खात्री होती. एक, आख्ख्या धरमपेठेत माझ्याइतकं कॉम्प्युटरातलं कोणाला कळत नाही. दुसरी, चूक नेहमी केबलमध्ये असते. आता नातवंडं मला फोनवरची अक्षरं मोठी कशी करायची ते शिकवतात आणि मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकल्यासारखं तोंड करून बसते. त्या बाईला असं बसणं जमलं नसतं. ती बाई म्हणजे मीच, पण तिला 'मी' म्हणायला आता जरा जड जातं.

तर ती बाई धरमपेठेतल्या एका मोठ्या पॅथॉलॉजी लॅबचा डेटाबेस सांभाळायची. शहरभरातून रक्ताच्या नळ्या यायच्या, तपासल्या जायच्या आणि त्यांचे आकडे तिच्या डेटाबेसमध्ये येऊन पडायचे. कित्येक वर्षांचे रिपोर्ट तिथे साठले होते. लॅब बंद झाली की नऊ वाजता बॅकअप आपोआप सुरू व्हायचा. म्हणजे त्या सगळ्या साठ्याची एक पूर्ण नक्कल वरच्या मजल्यावरच्या दुसऱ्या मशीनवर जायची. पहाटे तीनला काम फत्ते. सहाला उपाशीपोटी शुगर तपासणाऱ्यांची रांग लागेपर्यंत सर्व्हर मोकळा.

त्या उन्हाळ्यात बॅकअप रेंगाळायला लागला. आधी चार वाजले, मग सहा, मग थेट साडेआठ. सर्व्हर नक्कल काढण्यात गुंतलेला, त्यामुळे काउंटरवर एक नाव टाकलं की स्क्रीन गोठायची ती गोठायचीच. आणि रांगेतले सगळे चहासुद्धा न घेतलेले. एक दिवस एका आजींनी काउंटरवर थाप मारून त्या बाईला विचारलं, "काहून वं, तुमची मशीनबी उपाशी आहे का? आधी तिले काही खाऊ घाला, मंग आमचं रक्त घ्या."

रांग हसली. ती बाई हसली नाही. ती तरातरा वर गेली आणि तिने तक्रारीचं पत्र लिहिलं.

कोणाविरुद्ध? नेटवर्कवाल्या भाऊंविरुद्ध. भाऊ कोराडीहून बसने यायचे. लॅबच्या वायरी, स्विच, सगळं त्यांच्याकडे. नोकरी वर्षावर्षाच्या करारावर. तो करार संपत आला होता आणि येत्या सोमवारी लॅबचे मालक डॉक्टरसाहेब नव्या करारावर सही करणार होते, किंवा नव्हते करणार. हे त्या बाईला चांगलं माहीत होतं. तरी तिने लिहिलं, 'बॅकअप मंदावण्याचे कारण निकृष्ट केबलिंग. संबंधित व्यक्ती बदलावी, ही विनंती.' 'निकृष्ट' लिहिताना तिला काय आनंद झाला होता म्हणून सांगू! पुरावा एवढाच की भाऊंनी जरीपटक्याच्या बाजारातून आणलेली केबल पिवळी होती, आणि पिवळा रंग तिला आवडायचा नाही.

पत्राआधी तिने काहीच तपासलं नव्हतं असं नाही हं. एसी वाढवला. अँटीव्हायरस बंद केला, मग घाबरून पुन्हा सुरू केला. सर्व्हर रीस्टार्ट केला, तोही हात जोडून. आणि रोज सकाळी बॅकअप किती वाजता संपला ते लाल पेनाने वहीत लिहिलं. फक्त वेळ. माल, म्हणजे डेटा, किती गेला, हे एकदाही नाही.

शनिवारी भाऊ तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. पत्राचं त्यांना कळलं होतं. आमच्या लॅबमध्ये रिपोर्टापेक्षा बातमी लवकर मिळायची.

"मॅडम, तुम्ही माह्या वायरीचं नाव टाकलं म्हणते."

"टाकलं."

"तपासली का वायर?"

"त्यात तपासायचं काय? उशीर होतोय म्हणजे वायरच."

भाऊंनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर तिला बरं वाटलं असतं. "माह्या पोरीची बारावी आहे यंदा. सोमवारी घरी बसा लागलं तं बसतो. पण वायरीच्या पायी बसंन, मॅडम. तुमच्या अंदाजाच्या पायी नाही."

ती बाई आणखी तोऱ्यात म्हणाली, "उद्या रविवार. दुपारी लॅब बंद असते. तुमच्यासमोर सिद्ध करून दाखवते!"

रविवारी ती डबाभर पाटवड्या घेऊन गेली. विजयाची तयारी. भाऊ एक कोरा कागद घेऊन आले होते.

"मॅडम, बॅकअप लावा, पण तो कुठंच लिहू नका. नुसता वाचायचा अन् सोडून द्यायचा. होते न असं?"

होतं. सगळं वाच, नक्कल काढल्यासारखं कर आणि फेकून दे, असं डेटाबेसला सांगता येतं. तिला ते ठाऊक होतं. वापरायची वेळ कधी आली नव्हती, कारण संशय यायला आधी स्वतःविषयी थोडी शंका असावी लागते.

"त्याने काय होणार?"

"मी वायर काढून हातात धरतो. वायर नाही तरी तेवढाच टाइम लागला, तं वायरीचा दोष नाही. भराभर झाला, तं उद्या मी येतच नाही."

पूर्ण बॅकअप संपेपर्यंत बसायची गरज नव्हती. तासाभरात किती टक्के होतो ते पाहायचं आणि रात्रीच्या आकड्याशी ताडून बघायचं. भाऊ खरंच ती पिवळी वायर मांडीवर घेऊन बसले. बाहेर ऊन रणरणत होतं, आत एसीने ती बाई काकडत होती, आणि स्क्रीनवर टक्के मुंगीच्या पावलांनी सरकत होते. तासाभराने नऊ टक्के. रात्री वायरीतून जाताना तासाला किती होत होते? नऊ.

भाऊंनी कागदावर दोनदा नऊ लिहिलं आणि कागद तिच्याकडे सरकवला. मग म्हणाले, "आता वेग दाखवा. सेकंदाले किती माल जाते, तो."

तिने जुन्या नोंदी उघडल्या. उन्हाळ्याच्या आधीचा वेग आणि कालचा वेग, जवळजवळ सारखाच. हा आकडा तिथेच होता, रोज, तिच्या नाकासमोर.

"मंग स्लो कुठं झाला, मॅडम? कोराडीले पॉवर हाउसवर कोयशाचे ट्रक रोज पाहतो मी. ट्रक तेवढ्याच स्पीडनं चालून राहिले, पण रांग दुप्पट झाली तं शेवटचा ट्रक उशिराच येणार न! माल वाढला तुमचा. कोणं वाढवला, ते पाहा."

पेशंट काही एका उन्हाळ्यात दुप्पट झाले नव्हते. मग तिने डेटाबेसमधले सगळे तक्ते मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने लावले. पहिला तक्ता होता 'रिपोर्ट'. बरोबर, तो मोठा असणारच. त्याच्याखाली होता 'रिपोर्ट_राहू_दे'. त्याखाली 'रिपोर्ट_राहू_दे_२'. त्याखाली 'रिपोर्ट_लागला_तर'. तिन्ही मिळून पहिल्याएवढे.

भाऊंनी चष्मा वर केला. "हे कोणाचं अक्षर आहे, मॅडम?"

स्क्रीनवर कोणाचंच अक्षर नसतं, पण ते ओळखू येत होतं. त्या उन्हाळ्यात रिपोर्टचा नमुना बदलत होता. दरवेळी हात लावण्याआधी ही बाई मोठ्या तक्त्यातल्या वर्षांच्या वर्षांची नक्कल त्याच डेटाबेसमध्ये काढून ठेवायची. वाईट काही नाही त्यात. पण काम झाल्यावर पुसायचं कोणी? घरी फ्रिजवर श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांचा मनोरा, पलंगाखाली कापडाच्या दुकानातल्या घड्या घातलेल्या पिशव्या. तोच हात इथेही चालला होता. आणि रोज नऊ वाजता सर्व्हर बिचारा त्या सगळ्या डब्यांचीसुद्धा इमाने इतबारे नक्कल काढत होता.

"पाटवडी घ्या," ती बाई म्हणाली.

"घेतो न. आणल्या कोणासाठी होत्या?"

ते तिन्ही तक्ते कोणताही प्रोग्राम वापरत नाही ना, हे तिने दोनदा तपासलं. एकदा वेगळ्या डिस्कवर काढून ठेवले, खरोखरच लागले तर म्हणून. मग एकेक पुसला. तिसऱ्याला बोट अडखळलं. भाऊ तोंड भरलेलं असताना म्हणाले, "पुसा, पुसा. मी आहो न."

सोमवारी पहाटे बॅकअप तीनच्या आत संपला होता. काउंटर पाण्यासारखा वाहत होता. आणि ती बाई टेबलाशी बसून डॉक्टरसाहेबांसाठी दुसरं पत्र लिहीत होती. पहिला मसुदा, 'काही तांत्रिक कारणांमुळे.' फाडला. दुसरा, 'डेटाबेसमध्ये अतिरिक्त तक्ते आढळून आले.' जणू ते पावसाने उगवले होते! तोही फाडला. मग पत्र न लिहिताच ती आत गेली. डॉक्टरसाहेबांसमोर भाऊंचा करार होता, आणि त्यावर टाचलेलं तिचं निकृष्ट पत्र.

"साहेब, ते पत्र परत द्या."

"काहून? केबल सुधारली का?"

"केबल चांगलीच होती. माल मी वाढवला होता. तीन तक्ते."

"कोणते?"

हे विचारायला नको होतं त्यांनी. तिने नावं सांगितली. डॉक्टरसाहेबांनी 'लागला तर' पर्यंत कसंबसं गांभीर्य धरलं, मग खुर्चीतच मागे रेलले आणि डोळे पुसेपर्यंत हसले. हसता हसताच त्यांनी करारावर सही केली. पत्र परत देताना एवढंच म्हणाले, "बाई, तुम्ही माझ्या हातानं एका माणसाला घरी पाठवत होत्या." ते मात्र हसत म्हणाले नाहीत.

भाऊ बाहेर जिन्यात उभे होते. तिने त्यांना करार दाखवला, पत्र त्यांच्यासमोर फाडलं आणि "चुकलं माझं" असं एकदा, स्पष्ट म्हणाली. आयुष्यात तिने हे इतक्या कमी वेळा म्हटलं होतं की आवाज घोगरा आला.

भाऊंनी सही नीट पाहिली, मग तिच्याकडे.

"चला मंग," ते म्हणाले, "अजून एक वर्ष तुम्हाले झेला लागंन."