हात कुठे बदलला

आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला पहिला मी, आणि बी.ए. झालेलाही पहिला मीच. हे मी तेव्हा छातीठोकपणे सांगत असे, आजही सांगतो. नागपुरात एम.ए. करत होस्टेलवर राहत होतो, तेव्हा आमच्या प्रोफेसरांनी पहिल्या वर्षाच्या मुलांचे निबंध माझ्या गळ्यात बांधले. "तपासायचं काम माझं," म्हणाले, "लिहायचं कसं ते तू शिकव."

बहुतेक पोरं खेड्यापाड्यांतली. कोणी इंग्रजी निबंधाच्या माथ्यावर 'श्री' घाली, कोणी शेवटी चुकांची माफी मागे. ते खोडायला सोपं होतं. अवघड गेला तो उमरेडचा एक मुलगा. आमच्यासारखाच कोष्ट्याचा, बाप अजून मागावर.

विषय होता हातमागाचा धंदा. त्याचा निबंध प्रोफेसरांनी माझ्यापुढे टाकला. "ही नक्कल आहे. या महिन्यात स्वतःचं लिहून आणलं नाही, तर परीक्षेला मी त्याचं नाव पाठवणार नाही."

मी त्याला खोलीवर बोलावलं. आला तो ताठ मानेनंच.

"नक्कल नाही केली, दादा. तीन पुस्तकं घेतली, एकात एक बसवली. सांधा कुठं दिसते, सांगा बरं तुम्ही!"

मी वाचून पाहिलं. सांधा खरंच दिसत नव्हता. मला हसू आलं आणि तो चिडला. पण त्याची ऐट मला कळत होती. आमच्याकडे एक लुगडं दोघांच्या हातून होतं. बाप जेवायला उठला की पोरगा मागावर बसतो, आणि हात कुठे बदलला ते कापडावर दिसता कामा नये. बाजारात व्यापारी लुगडं उजेडात धरतो. हात बदललेला दिसला की बाजूला फेकतो. लहानपणी यापायी मीही मार खाल्लेला. या पोरानं तीच शिकवण निबंधात कामाला लावली होती.

"इथं उलटं आहे गा," मी म्हणालो. "इथं हात बदलला की सांगायचं. हे अमक्याचं, हे तमक्याचं, हे माझं."

"म्हणजे चोरी कबूल करायची?"

"सांगितल्यावर चोरी कशाची? घे पेन्सिल. दुसऱ्याचं जे जे असंल, त्याच्याखाली रेघ मार."

तो मारत गेला. पानं रेघांनी भरली. बिनरेघेचं उरलं ते फक्त वरचं त्याचं नाव.

"माझं तर काहीच नाही यात." आवाज उतरला होता. "मले नाही जमत, दादा. जातो वापस. मागावर तरी बसीन."

"जाशील. आधी हे सांग. इथं लिहिलं आहे, गिरणीच्या कापडापुढं हातमाग संपला. तुझा बाप काय करून राहिला?"

"विणून राहिला."

"मंग संपला काय?"

"पुस्तकात तसं आहे."

"पुस्तकात तसं आहे, हेच लिही. अन् तुले काय दिसते, ते त्याच्याखाली लिही."

आठवडाभर तो लिहीत होता. इंग्रजी खडबडीत झालं, आधीची सफाई गेली. पण त्यात एक वाक्य आलं: जाडंभरडं कापड गिरणीनं घेतलं, पण लग्नाकार्याला बाया रेशीमकाठी लुगडं अजून हातमागाचंच मागतात.

प्रोफेसरांनी कागद परत पाठवला. नेमक्या त्याच वाक्याशेजारी लाल शाईत: याला आधार काय?

पोराचा चेहरा पडला. "झालं! पुस्तकाचं होतं तवा नाही मागितला आधार. माझं लिहिलं तर मागून राहिले!"

"तवा तू काही बोललाच नव्हता. आता बोलला, म्हणून मागितला. तुले हे कोणाकडून कळलं, ते सांग त्याईले."

रविवारी तो उमरेडला गेला. परतला तो हसतच. बापाला विचारलं, तर बाप मागावरचा धोटा न थांबवता म्हणाला होता, "आधार काहून पाहिजे त्याले? येऊन पाह्य म्हणा ना इकडं, बाया लुगड्यापायी कशा घासाघीस करून राहिल्या!"

"हे तर साहेबाले नाही लिहिता येत, दादा."

"थोडं सभ्य करून लिही."

त्यानं पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं: उमरेडचे एक विणकर, माझे वडील, यांनी सांगितल्यावरून.

मी तो कागद घेऊन गेलो. प्रोफेसरांनी चष्मा वर सारून तळाची ओळ वाचली.

"हे चालणार नाही," ते म्हणाले. मी कागद परत घ्यायला हात पुढे केला. "आधार द्यायचा तर माणसाचं पुरं नाव द्यावं. ते घालायला सांग, आणि मग हा कागद इथं आणून ठेव म्हणावं. परीक्षेला नाव पाठवतो."

संध्याकाळी पोरानं माझ्याच टेबलाशी बसून ते घातलं. वर त्या तीन पुस्तकांच्या साहेब लेखकांची नावं होती. त्यांच्याखाली, तेवढ्याच बारीक अक्षरात, त्याच्या बापाचं.