नागमोडी रेघेवरचा शब्द

संशोधन मंडळात त्यांना सगळे भिंगकाका म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं: एका प्राचीन प्रार्थनाग्रंथाच्या सतरा पोथ्या ओळीला ओळ ताडून पाहायच्या आणि कुठल्या नकलनविसाने कुठे स्वतःची अक्कल पाजळली ते हुडकायचं. अशा दीडशहाण्यांवर त्यांचा भारी राग.

एका ओळीत मात्र सगळ्याच पोथ्या बरळत होत्या. ‘देवा, मला’ आणि ‘दे’ यांच्या मध्ये काय मागितलंय, कळेना. काकांनी अंदाजाने ‘धीर’ हा शब्द बसवला आणि रिवाजाप्रमाणे खाली नागमोडी रेघ मारली. म्हणजे, हा शब्द संशयित.

“काका, ग्रंथ दुरुस्त करताय की देवाला डिक्टेशन देताय?” प्रमुख संपादक भर बैठकीत म्हणाले. सगळे खो-खो हसले. तरी रेघेसकट शब्द छापला गेला.

बारा वर्षांनी, दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी, अठरावी पोथी सापडली. प्रमुखांनी कागद चोळून पाहिला आणि तीनशे वर्षांची म्हणून जाहीरही करून टाकली. तिच्यात स्वच्छ लिहिलं होतं, ‘धीर’! प्रमुख लगेच व्याख्यानांतून “आमचा तर्क” म्हणू लागले. भिंगकाका आनंदाने दोन दिवस जेवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पोथीवर भिंग धरलं. ‘धीर’खाली लाल शाईची सुबक नागमोडी रेघ होती. कुणा भाविकाने जुन्या कोऱ्या कागदावर मंडळाचंच छापील पुस्तक उतरवलं होतं आणि रेघेला नक्षी समजून तीही काढली होती.

काकांनी तशी टीप लिहून प्रमुखांपुढे ठेवली.

“नक्षीच असेल हो,” प्रमुख म्हणाले. “शब्द तुमचाच ना? मग टीप कशाला? आणि आता पुरावा मिळालाय, तेव्हा आपल्या पुस्तकातली रेघही काढून टाका.”

निवृत्तीला चार महिने उरले होते. उभ्या आयुष्यात स्वतःचा म्हणावा असा एकच शब्द. काकांनी टीप फाडली आणि रेघ खोडली.

नवी आवृत्ती घरी आली. सकाळी बायको डोळे मिटून म्हणत होती, “देवा, मला धीर दे.”

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. “अगं, तो शब्द ग्रंथातला नाही. मी घातलाय.”

तिने एक डोळा उघडला. “काहीतरीच काय! तुमचा असता तर खाली रेघ नसती का?”