अण्णाने न नेलेलं इंजिन

वहिनीचा फोन आला तेव्हा मी इथे पुण्यात मेथी निवडत बसले होते. "अण्णा गेले," एवढंच ती म्हणाली. आदल्या रविवारी तो माझ्याशी कार्ब्युरेटरवर भरभरून बोलला होता... माझ्या तोंडून निघालं, "कुठे गेला?" त्याला आता महिना उलटून गेला, पण तो वेडा प्रश्न आठवला की अजून रडू आवरत नाही.

अण्णा माझा थोरला भाऊ. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. बँकेत नोकरी करणारा, चारचौघांत मान खाली घालून बसणारा हा माणूस एका खुळापायी मात्र हट्टाला पेटला होता. तिरुचीच्या रद्दीवाल्याकडे त्याला मोटारींची अमेरिकन मासिकं मिळाली आणि त्यांत त्याने हॉट रॉड पाहिली. जुनी मोटार घ्यायची, मडगार्ड उतरवायचे, छप्पर कापून ठेंगणं करायचं आणि आत दमदार इंजिन बसवायचं. त्यातही जुन्या वळणाचे शौकीन इंजिन त्याच काळातलं घालतात. अण्णाला तेच हवं होतं. मोटारीचा सांगाडा आमच्या आत्याने दिला. ओरत्तनाडूला तिच्या गोठ्याशेजारी तो कित्येक वर्षं पडून होता. त्याचं आठ सिलिंडरचं इंजिन आत्याच्या यजमानांनी फार पूर्वी काढून विहिरीच्या पंपाला जोडलं होतं. म्हणजे मोटार गोठ्याशी, तिचं काळीज विहिरीवर, आणि मधे आत्याचं भाताचं शेत.

परदेशी मालाला बाजार नुकता खुला झाला होता. सेल्वम नावाचा मेकॅनिक अण्णाला रोज समजवायचा, "सार, जपानी डिझेल इंजिन घ्या, डोक्याला ताप नाही." अण्णा ऐकून घ्यायचा आणि नकारार्थी मान हलवायचा. आत्याच्या विहिरीवर वीज येईपर्यंत तो थांबला. बृहदीश्वराकडे माणसं नोकरी मागतात, मूल मागतात. हा दुसऱ्याच्या शेतावरचं वीज कनेक्शन मागत होता. माझं लग्न ठरून मी पुण्याला यायच्या आधी एकदाची वीज आली, विजेची मोटर बसली, आणि आम्ही व्हॅन, साखळ्या आणि सेल्वमला घेऊन ओरत्तनाडूला गेलो.

आत्याने आम्हाला डबऱ्यातून, तिकडच्या पितळी वाटीतून, कॉफी दिली. यजमान जाऊन तिला तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

"आत्या, आज न्हेऊं?" अण्णाने विचारलं.

"न्हे की. मोटर आली आहे. मज काय त्याचं आतां?"

मग ती विहिरीकडे चालू लागली. गड्याने हँडल मारलं, चोक आत्याने ओढला. इंजिन सुरू झालं तशी ती पदर खोचून त्याच्या बाजूला उभी राहिली. काम काहीच नव्हतं. पाणी विजेवर येत होतं. गडी म्हणाला, रोज सकाळी अम्मा असंच करतात. आत्या आमच्याकडे न बघता बोलली, "त्यांनींच बसविलेलं हें. गेले त्या सकाळीं पण त्यांनींच चालूं केलेलं." थोड्या वेळाने तिने स्वतः ते बंद केलं आणि बाजूला झाली. "न्हे रे," पुन्हा म्हणाली.

अण्णाने सेल्वमला साखळ्या व्हॅनमध्ये परत ठेवायला सांगितल्या. आत्याला म्हणाला, चासी अजून तयार नाही, पुढे बघू. साफ खोटं. चासी घरी रंगवून तयार होती.

वाटेत माझा पारा चढला. एवढी वर्षं वाट पाहून रिकाम्या हाताने परत?

"मज मोटार रविवारास पाहिजे, शांते," तो म्हणाला. "तीस हें रोज पाहिजे."

शेवटी त्याने एका अपघातात सापडलेल्या अ‍ॅम्बॅसडर टॅक्सीचं इंजिन घेतलं. सेल्वमला म्हणाला, "जपान्यापेक्षा हें बरें. निदान म्हातारें तरी आहे." मोटार झाली, धावली, दिसायलाही देखणी होती. पण मद्रासहून आलेल्या शौकिनांनी बॉनेट उघडलं आणि एकजण हसून "टॅक्सी" म्हणाला. अण्णाही हसला, पण त्याचे कान लाल झाले. त्यानंतर कुणी आलं की तो बॉनेटवर हात ठेवूनच बोलायचा. मला त्या हाताचं फार वाईट वाटायचं. खरं सांगायचं तर मला अजूनही वाटतं, ते इंजिन त्याने आणायला हवं होतं.

कारण आत्या गेली आणि दिवसकार्य आटोपताच तिच्या मुलांनी ते भंगारात दिलं. अण्णाला कळलं तेव्हा उशीर झाला होता. "गेलें गं," तो फोनवर म्हणाला, माणूस गेल्यासारखं. मी तोंड सोडलं: तेव्हाच नेलं असतं तर? आत्या तर हो म्हणाली होती.

"म्हणाली की," अण्णा म्हणाला. "ती कधीं नको म्हणाली नसती. तेंच भय होतें, शांते..."



मागच्या आठवड्यात अण्णाच्या मुलाचा, गिरीचा, अमेरिकेहून फोन आला. वहिनी त्याच्याकडे राहायला जाणार, घर बंद होणार. मोटार विकायची जाहिरात तो लिहीत होता.

"आत्या, इंजिन कुठलं आहे तिच्यात?" त्याने मला विचारलं. त्याची आत्या मी.

"अ‍ॅम्बॅसडरचं."

"अय्यो. ओरिजिनल नाही? अप्पांनी असं कां केलं?" त्याच्या आवाजात राग नव्हता. वडिलांची चूक सापडल्याचा संकोच होता, आणि तो मला सोसवला नाही. "रविवारपर्यंत जाहिरात देऊ नकोस," एवढंच मी म्हणाले.

गिरीला देवनागरी वाचता येत नाही. अण्णालाही येत नव्हती. पुण्यात येऊन ती शिकल्यावर माझं जे काही छापून आलं, ते सगळं मी अण्णाला फोनवर वाचून दाखवायचे. गिरीला मराठी बोलताना अडखळायला होतं, पण ऐकलेलं सगळं समजतं. रविवारी मी त्याला फोन लावणार आहे आणि हे लिहिलेलं पहिल्या ओळीपासून वाचून दाखवणार आहे, सावकाश. मग मोटार विकायची तर त्याने खुशाल विकावी. जाहिरातीत इंजिनापुढे काय लिहायचं ते त्याचं त्याने ठरवावं.