साहेबांच्या टेबलावरची कमान

राग गिळावा, असं मला आयुष्यभर सगळ्यांनी सांगितलं. आईने सांगितलं, सासूने सांगितलं, नवऱ्याने तर रोज सांगितलं. मी पुष्कळ राग गिळलेही. पण एक राग मी मुद्दाम गिळला नाही, आणि तो कशाचा ते एकदा नीट सांगून टाकते.

माझे वडील धुळ्याच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. सुट्टी लागली की इतर मास्तर शिकवण्या धरत. नाना मला घेऊन किल्ले आणि गढ्या बघायला निघत. लळिंग झाला, सोनगीर झाला, पारोळ्याच्या किल्ल्याभोवतीचा खंदक झाला, मग तापीच्या काठाकाठाने एकेक गाव. एस. टी. जाईल तिथवर एस. टी., पुढे कुणाची बैलगाडी मिळाली तर गाडी, नाहीतर पाय. भाऊ लहान होता, आईला दगडधोंड्यांत काही गोडी नव्हती, म्हणून मोजपट्टीचं दुसरं टोक धरायला मी. नाना बुरुज मोजत, दरवाजे मोजत, आणि मग मांडी घालून तासन् तास चित्र काढत. मला त्या वयात कंटाळा यायला हवा होता. आला नाही.

त्यातला एक किल्ला आमचा लाडका होता. गावाचं नाव सांगत नाही. तिथे अजून माणसं राहतात, त्यांना कशाला बोल लावू? किल्ला म्हणजे नदीकडची एक तटबंदी, दोन ढासळलेले बुरुज आणि एक दरवाजा. पण काय दरवाजा होता! काळ्या दगडाची कमान, तिच्या दोन खांद्यांवर दोन कमळं, आणि माथ्यावर ओळीने सात हत्ती. सातांतला एक हत्ती मागे वळून बघणारा होता. नाना म्हणायचे, "हा पाथरवटाने स्वतःच्या मर्जीने काढलाय. याला कुणी सांगितलं नव्हतं."

तटाच्या खाली, नदीच्या अंगाला, बाग होती. पेरू, रामफळं, डाळिंबं, मोगऱ्याचे वाफे, आणि मधोमध दगडी विहीर. ती बाग एका विधवा माळणीने सांभाळली होती. गाव तिला अक्का म्हणे, आम्हीही अक्का म्हणू लागलो. तिच्या सासऱ्याच्या आज्यापासून ही बाग त्यांच्या हातची. पूर्वी जहागीरदाराचं घराणं त्यांना वर्षाचं धान्य देई. स्वातंत्र्य आलं, जहागिरी गेल्या, धान्य बंद झालं. तरी अक्का रोज सकाळी मोट हाकायची आणि वाफ्यांत पाणी सोडायची. आम्ही दिसलो की लांबूनच ओरडायची, "ये माय, सावलीमा बठ. ऊन कितलं शे!"

मी मॅट्रिकच्या वर्गात गेले त्या उन्हाळ्यात आम्ही तिथे गेलो तेव्हा कमान नव्हती.

हे मी असंच लिहिते, कारण आम्हाला ते असंच दिसलं. नेहमीच्या वळणावरून वर पाहिलं, आणि जिथे दगड असायचा तिथे आभाळ. खाली पहारी घेतलेली दहाबारा माणसं, चार गाड्या, आणि खडीचा ढीग. त्या ढिगात मी कमळाची एक पाकळी पाहिली. हत्ती फोडून झाले होते.

मुकादम विडी ओढत बसला होता. नानांनी त्याला विचारलं, "हे कुणाच्या हुकमाने चाललंय?"

"तालुक्याच्या साहेबांच्या. सरकारी रस्त्याला खडी लागते, मास्तर. पडीक होतं, नेतोय."

"पडीक?"

"मग काय, कुणी राहत होतं का तिथं?"

अक्का विहिरीपाशी बसली होती. उठलीही नाही. "कमान गयी," ती म्हणाली. "बठ्ठी, सारी गयी. माले कोनी इचारं बी नही."

दुसऱ्या दिवशी आम्ही तालुक्याच्या कचेरीत गेलो. नानांनी कोट घातला होता, त्या उन्हात. काखेत चित्रांची गुंडाळी. दुपार टळेपर्यंत आम्ही बाकावर बसलो. मग एका कारकुनाने दप्तर काढलं, बोट फिरवलं आणि सांगितलं की त्या गट नंबरात किल्ला नाहीच; कागदावर तिथे खडकाळ पडीक जमीन आहे. "नसलेला किल्ला कसा पाडतील?" असं म्हणून तो हसला. त्याच्या शेजारचाही हसला.

शेवटी साहेबांनी आत बोलावलं. साहेब तरुण होते, स्वच्छ कपड्यांतले, बोलायला गोड. नानांनी टेबलावर चित्रं पसरली. तट, बुरुज, विहीर, आणि सर्वांत वर कमानीचं. त्या एका चित्रासाठी नाना तीन उन्हाळे तिथे बसले होते. साहेब वाकून बघत राहिले. मला वाटलं, आता याला लाज वाटेल.

"वा, मास्तर! काय हात आहे तुमचा!" साहेब म्हणाले. "हत्ती बघा कसे जिवंत! हे एक मला देता का? दिवाणखान्यात लावतो. मंडळींना फार आवडेल."

मी नानांकडे पाहिलं. नानांच्या तोंडावर एक हसू आलं, शाळा तपासायला साहेब आले की यायचं तसं. आणि ते म्हणाले, "ठेवा ना साहेब. आपल्यासारख्या रसिकांकडे असलेलं बरं."

किल्ल्याबद्दल साहेबांनी 'बघतो' म्हटलं.

बाहेर आल्यावर कडुनिंबाखाली मी थांबले. आयुष्यात पहिल्यांदा मी बापाला उलटून बोलले.

"त्यांनी दगडाची फोडली, तुम्ही कागदाची देऊन आलात!"

"हळू बोल. कचेरी आहे."

"का हळू बोलू? चोराला तुम्ही रसिक म्हणालात!"

"पोरी, नोकरी आहे माझी. वर तक्रार गेली तर उद्या मला कुठे फेकतील? भिंतीवर चित्र दिसलं तर कुणीतरी विचारील तरी, हे कुठलं म्हणून."

"आणि ते काय सांगतील? आम्हीच फोडलं म्हणून?"

मी परत फिरले. शिपाई "ओ बाई, ओ बाई" करीत मागे आला, तोवर मी साहेबांच्या टेबलापाशी होते.

"साहेब, चित्र परत द्या."

"अगं, तुझ्या वडिलांनी स्वतःहून—"

"त्यांनी भीतीने दिलंय. मला भीती नाही."

ते खोटं होतं. साहेबांनी ते चित्र दोन बोटांनी टेबलावरून माझ्याकडे सरकवलं, खरकटं ताट सरकवावं तसं. "मुलींना जास्त शिकवू नये म्हणतात ते काही खोटं नाही," एवढंच म्हणाले.

परतीच्या एस. टी.त नाना माझ्याशी बोलले नाहीत. घरीही चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी पहाटे त्यांनी मला हलवून उठवलं आणि म्हणाले, "चल. चित्राचा बोर्ड घे."

आम्ही पोचलो तेव्हा गाड्या बागेत उतरल्या होत्या. तटाचे दगड संपत आले होते, आता विहिरीचा कठडा आणि मोटेचं पाणी पडतं ते दगडी थारोळं काढायचं होतं. अक्का कठड्यावर पाय खाली सोडून बसली होती. मुकादम तिला समजावत होता, शिव्याही देत होता.

"आठून मी हालाव नही," अक्का म्हणत होती. "माले बी गाडामा भरी ल्या."

पाण्याला आलेल्या बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. त्यांतली एक अक्काशेजारी जाऊन बसली, मग दुसरी, मग मीही बसले. मुकादमाने सायकलवर माणूस पिटाळला, आणि दोनेक तासांनी साहेबांची जीप आली.

नाना बाजूला पेरूच्या सावलीत मांडी घालून बसले होते. नुसते काढत होते. पहारी, गाड्या, फोडलेला दगड, कठड्यावरच्या बायका. जीप आली तशी जीप काढली, तिच्यातून उतरणारे साहेब काढले.

साहेब त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. "हे काय चालवलंय, मास्तर?"

"दिसतं ते काढतोय."

"आणि याचं काय करणार?"

नानांनी पेन्सिल थांबवली नाही. मीच कठड्यावरून ओरडले, "मुंबईच्या वर्तमानपत्राला पाठवणार!" मुंबईच्या वर्तमानपत्रातलं एकही माणूस आमच्या ओळखीचं नव्हतं.

साहेबांनी त्या कागदावर स्वतःला पाहिलं. त्या दिवशी त्यांना हात छान आहे असं काही वाटलं नाही. मुकादमाला म्हणाले, "विहीर राहू दे. पाण्याची आहे." जीप निघून गेली. बायकांनी घागरी भरल्या आणि त्याही घरी गेल्या. स्वयंपाक खोळंबले होते.

विहीर वाचली. तट वाचला नाही. शाळा सुरू होण्याआधीच नानांची बदली साक्रीकडच्या एका गावात झाली, जिथे ड्रॉइंगचा वर्गच नव्हता. तिथे ते मुलांना पाढे शिकवत. बदलीचं कारण कुणी सांगितलं नाही. नानांनी विचारलं नाही, आणि मलाही कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

लग्न झाल्यावर, साठ सालच्या आसपास, मी नवऱ्याबरोबर शिरपूरहून त्या बाजूने जात होते. हट्टाने उतरले. बागेला तारेचं कुंपण झालं होतं. फाटकावर रंगवलेली पाटी होती, सार्वजनिक उद्यान म्हणून, आणि उद्घाटन ज्यांच्या हस्ते झालं त्यांचं नाव. नाव त्याच कचेरीतल्या साहेबांचं; आता ते बढती मिळून जिल्ह्याला होते. आत सिमेंटचे बाक, खाकी कपड्यातला पगारी माळी, आणि त्याच्या गळ्यात शिटी.

अक्का कुंपणाच्या बाहेर बसली होती, पोत्यावर चार पेरू मांडून. मला ओळखायला तिला वेळ लागला. बाग सरकारने घेतली, माळी ठेवला, आणि हिला सांगितलं की आत येऊन फुलाफळांना हात लावायचा नाही. पेरू तिने बाजारातून आणले होते.

"तुमचीच झाडं की, अक्का!" मी म्हणाले.

"मन्हाच झाडं शेतस ना. पन चौकीदार म्हनस, आत येवानं नही."

नवरा फाटकापाशी उभा राहून मला हाक मारत होता. म्हणत होता, इतक्या लांब आलो आहोत तर एक चक्कर मारून येऊ, बाग चांगली ठेवलीय. मी सांगितलं, तुम्ही जाऊन या. मी पोत्याच्या कडेला अक्काजवळ बसले. एस. टी. येईपर्यंत तिथून उठले नाही.