ग्लासातली नोट

दुपारची वेळ होती. परमिट रूममध्ये गिऱ्हाईक म्हणून फक्त मी आणि माझे साहेब होतो. निघताना साहेबांनी शंभराची नोट घडी करून आपल्या उष्ट्या ग्लासात टाकली आणि काउंटरमागच्या दत्तारामांना म्हणाले, "तुमची टिप. बोटांनी काढा."

दत्ताराम पन्नाशी उलटलेले, पेग भरताना कधी थेंब न सांडणारे. त्यांनी दोन बोटं दारूत बुडवून नोट काढली आणि फडक्यावर वाळत घातली. साहेब हसले. मीही हसलो, कारण माझी बढती त्यांच्या हातात होती.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो.

"काल तुम्ही साहेबांना 'नाही' का म्हणाला नाहीत?" मी विचारलं.

"मालक पगार देत नाही, साहेब. म्हणतो, गिऱ्हाईक देतंच की. मग नाही म्हणून खाऊ काय?"

माणसाला वाकवायला जोर लागत नाही. त्याची भाकरी दुसऱ्याच्या लहरीवर सोपवली की पुरतं. मला शरम वाटली. मी पाचशेची नोट काढून दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी ती घेतली नाही. हात पुसले, नोटेकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "यासाठी काय करायचं, साहेब?"